पडदा पातळ नको, लहान हवा: झपाट्याने बदलणारा दाब अचूक मोजायचा कसा?

पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत वाढत २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गॅरेजमधला एक जुना शब्द परत आला: नॉकिंग. घाटात वरच्याच गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, "गाडी ठोकतेय." नव्या इंधनाने हे ठोकणं वाढलं की कमी झालं, यावर हिरिरीने बोलणाऱ्यांकडे बहुतेक वेळा कानाखेरीज दुसरं साधन नसतं. (इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे ठोकण्याला दाद न देण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ठोकणं कमी व्हायलाच मदत होते. मायलेजची तक्रार हा वेगळा विषय. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.)

प्रयोगशाळेत हा वाद कानांवर सोडत नाहीत. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत असो की एखाद्या वाहन कंपनीच्या इंजिन विभागात, सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, भोक पाडून आत दाबाचा सेन्सर बसवतात. त्याच्या तोंडावर शर्टाच्या बटणाएवढा किंवा त्याहून लहान धातूचा पडदा असतो. हाच डायफ्रॅम. आतला वायू त्याला ढकलतो, पडदा काही मायक्रॉन वाकतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्या वाकण्याचा विजेचा संकेत होतो. कल्पना इतकी सरळ आहे की यात अवघड ते काय, असं वाटावं. अवघड आहे तो वेळ. ३,००० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, एक अंश फिरायला जेमतेम ५६ मायक्रोसेकंद लागतात, आणि ठोकण्याची सगळी कहाणी वीस-तीस अंशांत आटोपते.

## भाजीवाला थांबतो, इंजिन थांबत नाही

स्प्रिंगच्या काट्यावर अर्धा किलो बटाटे टाकले की काटा आधी अर्ध्याच्या बराच पुढे जातो, मागे येतो, चार-पाच वेळा डोलतो आणि मग जागेवर बसतो. भाजीवाला तेवढा धीर धरतो, म्हणून वजन बरोबर येतं. आता कुणी त्या ताटलीत सेकंदाला दहा वेळा बटाटे टाकत-काढत राहिलं, तर काटा काय दाखवेल? काहीतरी दाखवेलच, ते वजन नसेल, एवढंच.

सेन्सरचा पडदाही असाच काटा आहे. त्याला स्वतःची एक डोलण्याची गती असते, तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती डोल, अशी मोजतात. बाहेरचा दाब त्याच गतीने बदलू लागला की पडदा प्रमाणाबाहेर हलतो; झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यावर होतं तसं. हा रेझोनन्स. आणि डोल विझवणारी जी ओढ असते ते डॅम्पिंग. धातूच्या पडद्यात डॅम्पिंग जवळजवळ नसतंच, म्हणून रेझोनन्सला संकेत खऱ्या दाबाच्या पन्नासपटही होऊ शकतो.

रेझोनन्सच्या बरंच खाली राहिलं तरी थोडी चूक होतेच, आणि तिचा हिशेब सोपा आहे. दाब बदलण्याची गती पडद्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या एक-दशांश असेल तर सेन्सर १ टक्का जास्त दाखवतो. एक-पंचमांश असेल तर ४ टक्के, एक-तृतीयांशावर १२.५ टक्के. कॅटलॉगमध्ये छापलेली "अचूकता ०.१ टक्का" ही वजनं ठेवून, काटा थांबल्यावर काढलेली असते. धावत्या दाबाबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता इंजिनाला लागतं किती ते पाहू. ठोकणं म्हणजे सिलिंडरमधल्या वायूचं घंटेसारखं वाजणं. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये, तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९५० मीटर धरला, तर पहिला सूर सुमारे ७ किलोहर्ट्झला लागतो, पुढचे ११.५ आणि १४.५ ला. तिसऱ्या सुरापर्यंत ४ टक्क्यांच्या आत राहायचं तर पडद्याची नैसर्गिक वारंवारता ७५ किलोहर्ट्झच्या वर हवी. थोडी मोकळीक ठेवून १०० धरू.

## एक मिलिमीटर पोलादाचा हिशेब

गणेशोत्सवात ढोल आणि ताशा शेजारी शेजारी वाजतात. ढोलाचं पान मोठं, त्याचा आवाज खर्जातला. ताशाचं पान लहान आणि ताठ, त्याची तर्री वर चढते. (तिथे ताठपणा ताणामुळे येतो, आपल्या पडद्यात तो पोलादाच्या जाडीमुळे येतो. बाकी खेळ तोच.)

कडेने घट्ट धरलेल्या गोल पोलादी पडद्यासाठी एक तोंडी हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला त्रिज्येच्या वर्गाने भागा, २,४८० ने गुणा. उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळतं. १० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ५ मिलिमीटर त्रिज्येचा, १ मिलिमीटर जाड पडदा घेतला तर साधारण १०० किलोहर्ट्झ येतात. आपल्याला हवे तेवढेच.

यावर १०० बार दाब टाकू (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). पेट्रोल इंजिनातला सर्वोच्च दाब साधारणपणे याच्या आत असतो. कडेवरचा ताण काढायचा तर त्रिज्या भागिले जाडी, त्याचा वर्ग, गुणिले दाब, गुणिले पाऊण. उत्तर १८८ मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे १० बार). १७-४ पीएच नावाचं कडक केलेलं स्टेनलेस पोलाद हे सहज पेलतं. मध्यभागी पडदा वाकतो फक्त ५ मायक्रॉन. डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

मागच्या बाजूला स्ट्रेन गेज चिकटवलेली असते. नागमोडी धातूची ही पातळ पट्टी ताणली की तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी अमेरिकेत वेगवेगळी ही युक्ती काढली. चार पट्ट्या चौकोनात जोडून (याला ब्रिज म्हणतात) १० व्होल्ट दिले तर १०० बारला आपल्या पडद्याकडून मिळतात सुमारे ९ मिलिव्होल्ट. इंजिनाच्या शेजारी इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचे झटके मारत असते, त्या गोंगाटात हे ९ मिलिव्होल्ट वेचायचे.

## मग पडदा पातळ का करत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांना सुचतो, आणि नवख्या डिझायनरची पहिली चूकही हीच असते. जाडी निम्मी, अर्धा मिलिमीटर करा. संकेत चौपट होतो. पण ताणही चौपट होऊन ७५० मेगापास्कलवर जातो, वाकणं आठपट होतं आणि नैसर्गिक वारंवारता निम्मी, ५० किलोहर्ट्झ. चार स्ट्रोकचं इंजिन ३,००० आरपीएमला तासाला ९०,००० वेळा हा ताण देणार. कडेचं पोलाद टिकलं तरी वरची गेज टिकत नाही. कडेजवळ साधारण ३,४०० मायक्रोस्ट्रेन येतात (दहा लाख भागांत ३,४०० भाग लांबी वाढणं), आणि चिकटवलेली फॉइल गेज लाखो आवर्तनं काढते ती याच्या निम्म्याच्या आत राहिलं तरच.

पातळ करण्यात आणखी एक खोट आहे. वाकणं जाडीच्या एक-चतुर्थांशाच्या पुढे गेलं की पडदा नुसता वाकत नाही, रबरासारखा ताणलाही जातो आणि ताठ होत जातो. मग दाब दुप्पट झाला तरी संकेत दुप्पट होत नाही.

आता दुसरी वाट पाहा. जाडी निम्मी करताना व्याससुद्धा निम्मा करा: ५ मिलिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर जाडी. त्रिज्या आणि जाडीचं गुणोत्तर तेच राहिलं, म्हणून ताण तोच, संकेतही तोच. वारंवारता मात्र दुप्पट, २०० किलोहर्ट्झ. काही न गमावता दुप्पट चपळाई मिळाली. वेगाने बदलणाऱ्या दाबासाठी पडदा करायचा तर पातळ करण्याआधी लहान करा, या सूत्रामागे इतकाच हिशेब आहे.

फुकट काही नसतं, हेही खरं. ५ मिलिमीटरच्या वर्तुळात चार गेज नेमक्या जागी चिकटवणं हे घड्याळजीचं काम, आणि डिंकाचा थर आता पडद्याच्या जाडीच्या मानाने डोळ्यांत भरू लागतो. म्हणून इथून पुढे गेज चिकटवत नाहीत, निर्वातात धातूचे अणू थेट पोलादावर बसवतात. किंवा पोलाद सोडून सिलिकॉनकडे वळतात.

सिलिकॉनमधला फायदा १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी दाखवून दिला. तेवढ्याच ताणाला सिलिकॉनचा विद्युतरोध धातूच्या गेजच्या पन्नासेक पट बदलतो. शिवाय सिलिकॉन हलकं आणि ताठ, आणि चिपच्या तंत्राने त्याचा पडदा हवा तितका लहान कोरता येतो. १ मिलिमीटर व्यासाचा, २५ मायक्रॉन जाड सिलिकॉन पडदा ३ बारपर्यंत आरामात चालतो आणि त्याची नैसर्गिक वारंवारता ४०० किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्याच ३ बारसाठी १० मिलिमीटरचा पोलादी पडदा केला, तर तो ०.१७ मिलिमीटर जाड ठेवावा लागतो आणि १७ किलोहर्ट्झलाच गुणगुणू लागतो. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत), पवनबोगद्यात, विमानाच्या पंख्याच्या पात्यावर सिलिकॉनने बस्तान बसवलं ते यामुळे.

## कागदावरची कड आणि लेथवरची कड

वरचे सगळे आकडे "कड घट्ट धरलेली" या एका गृहीतावर उभे आहेत. खऱ्या सेन्सरची कड कधीच तितकी घट्ट नसते, म्हणून मोजलेली वारंवारता हिशेबापेक्षा कमीच निघते. तफावत कमी ठेवायची तर पडदा आणि त्याभोवतीचं जाड कडं एकाच पोलादी कांडीतून टर्निंग करून काढावं, कड्याची जाडी पडद्याच्या कित्येक पट ठेवावी. वेगळा पडदा वेल्ड करणं भागच असेल तर वेल्ड वाकणाऱ्या कडेपासून दूर घ्यावा. कडेलाच वेल्ड आला तर शून्यबिंदू दिवसागणिक सरकत राहतो, कारण वेल्डमध्ये अडकलेला ताण हळूहळू सुटत असतो.

पडदा आणि कडं जिथे मिळतात तो कोपरा टोकदार ठेवला तर तिथूनच तडा जातो, म्हणून तिथे बारीक गोलाई देतात. गोलाई फार मोठी झाली की पडद्याची वाकणारी त्रिज्या नकळत कमी होते आणि संकेत घटतो. जाडीची गोष्टही अशीच नाजूक. १ मिलिमीटरमध्ये ०.०२ मिलिमीटरची चूक म्हणजे संवेदनशीलतेत ४ टक्के फरक. त्यामुळे एकाच ड्रॉइंगवरून केलेल्या दोन सेन्सरांचा आकडा कधी सारखा येत नाही आणि प्रत्येकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक दाबाशी ताडून पाहणं, वेगळं करावं लागतं.

बसवतानाही हीच कड बिघडते. आटे नको तितके आवळले की सेन्सरचं अंग पिळलं जातं आणि पडदा दाबाशिवायच ताणला जातो. टॉर्क रेंच वापरावा, कॅटलॉगमधला आकडा पाळावा, आणि बसवण्याआधी व नंतर शून्य तपासून पाहावं. सीलिंग वॉशर पुन्हा वापरू नये.

पाण्यात किंवा तेलात मोजायचं असेल तर आणखी एक वजावट येते. पडदा हलला की त्याला चिकटलेलं द्रवही हलवावं लागतं. जणू पडद्याचं वजन वाढलं. हॉरेस लॅम्ब यांनी १९२० मध्ये याचं गणित मांडलं. एका बाजूला पाणी असेल तर आपला १०० किलोहर्ट्झचा पोलादी पडदा ८३ वर येतो. तो सिलिकॉनचा ४०० वाला मात्र हलका असल्यामुळे दीडशेच्या आसपास घसरतो.

## सिलिंडरच्या आत क्वार्ट्झ का?

मग सिलिकॉनच सिलिंडरमध्ये का बसवत नाहीत? उष्णतेमुळे. साध्या सिलिकॉन चिपला १२५-१५० अंश सेल्सिअसच्या पुढे गळती लागते, आणि इथे तर दर आवर्तनाला २,००० अंशांची ज्वाळा पडद्याला चाटून जाते. म्हणून इथे क्वार्ट्झ किंवा गॅलियम फॉस्फेटचा स्फटिक वापरतात. दाबला की तो विद्युतभार देतो, बारला साधारण २० ते ४० पिकोकूलॉम (कूलॉम हे विद्युतभाराचं एकक, पिको म्हणजे त्याचा लाख-कोटीवा भाग). या रचनेत पडद्याचं काम बदलतं. ताठपणा स्फटिकाचा, पडदा फक्त वायू आत शिरू देत नाही आणि बळ पुढे पोहोचवतो. त्यामुळे तो पातळ असला तरी चालतो, आणि असे सेन्सर ७० ते १६० किलोहर्ट्झपर्यंत जातात.

पण ज्वाळेने पडद्याचा पुढचा पृष्ठभाग क्षणात तापतो, मागचा थंडच असतो. पुढचा फुगतो, पडदा किंचित वाकतो आणि स्फटिकाला वाटतं दाब बदलला. चांगल्या सेन्सरमध्येही ही चूक काही दशांश बारची असते. १०० बारांपुढे ती क्षुल्लक दिसते, पण आवर्तनाच्या शेवटी खरा दाबच दोन-चार बारांवर आलेला असतो, तिथे तीच चूक मोठी ठरते. इलाज दोन-तीन आहेत: पाण्याने थंड केलेला सेन्सर, पडद्यासमोर खाचांची ढाल, किंवा पडद्यावर सिलिकोन रबराचा पातळ थर. तिसरा सर्वांत स्वस्त. तो जळून झडत असल्याने पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

स्फटिकाचा भार हळूहळू गळतो, म्हणून हा सेन्सर खरा दाब सांगत नाही, फक्त बदल सांगतो. शून्य कुठे धरायचं ते दर आवर्तनाला ठरवावं लागतं. पिस्टन इनटेकच्या तळाशी असताना मॅनिफोल्डमधल्या सिलिकॉन सेन्सरचा आकडा उसना घेतात. गळती रोखायला केबल आणि कनेक्टरचा रोध १० टेराओहमच्या, म्हणजे दहा लाख कोटी ओहमच्या, घरात लागतो. कनेक्टरच्या पांढऱ्या भागावर बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी तो घसरतो आणि आलेख तिरका चढू लागतो. म्हणून टोपी काढली की कनेक्टरला हात लावायचा नाही. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा.

## सगळ्यांत मोठा गुन्हेगार: समोरचं भोक

इथवरचं सगळं नीट जमलं तरी शेवटच्या ३० मिलिमीटरमध्ये ते मातीत जाऊ शकतं.

सिलिंडर हेडमध्ये पाण्याचे मार्ग, व्हॉल्व्ह, प्लग यांची दाटी असते. सेन्सर थेट ज्वलनकक्षाच्या भिंतीशी बसत नाही, म्हणून तो मागे ठेवून मधे बारीक भोक पाडतात. आता ते भोक ही एका टोकाने बंद असलेली नळी झाली, म्हणजे पिपाणीच. तिचा सूर काढायचा तर ध्वनीचा वेग घ्या आणि लांबीच्या चौपटीने भागा. ३० मिलिमीटर लांबी आणि गरम वायूत सेकंदाला ९०० मीटर धरले तर उत्तर येतं ७.५ किलोहर्ट्झ.

आठवा, ठोकण्याचा पहिला सूर ७ किलोहर्ट्झला होता. न ठोकणारं इंजिनसुद्धा या भोकामुळे ठोकताना दिसतं. तापमानानुसार वारंवारता सरकते का ते पाहून दोन्ही वेगळे करू म्हणाल, तर तेही जमत नाही. दोन्ही सूर ध्वनीच्या वेगावरच अवलंबून असल्यामुळे हातात हात घालून सरकतात. खरी परीक्षा वेगळी: इग्निशन, म्हणजे प्लगची ठिणगी, काही अंश उशिरा करा. ठोकणं जवळपास नाहीसं होतं. पिपाणी मात्र कमी जोराने का होईना, वाजतच राहते. जमलं तर भिंतीशी सपाट बसलेला दुसरा सेन्सर लावून ताडून पाहावं. भोक ३ मिलिमीटरवर आणलं तर सूर ७५ किलोहर्ट्झवर जातो आणि प्रश्न मिटतो.

कंप्रेसर आणि पंपांवर दुसरा प्रकार दिसतो. भोक बारीक, पण सेन्सरच्या तोंडाशी रुंद पोकळी. ही बाटली, तोंडावर फुंकर मारली की घुमते तशी. १ मिलिमीटर व्यासाचं, ५ मिलिमीटर लांब भोक आणि पुढे ८ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर खोल पोकळी घ्या. साध्या हवेत ही बाटली २ किलोहर्ट्झला घुमते. सेन्सर १०० किलोहर्ट्झचा असो की ४०० चा, एक-पंचमांशाच्या नियमाने ही जोडणी ४०० हर्ट्झपुढे विश्वासाची राहत नाही.

कारखान्यांत तर याहून सोपी चूक होते. पाइपलाइनवर आधीपासून असलेला ४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर (दाबाचा आकडा विजेच्या प्रवाहाने कळवणारं यंत्र) दिसतो, त्याच्यावरच वॉटर हॅमर, म्हणजे वाहतं पाणी एकदम अडल्यावर बसणारा दाबाचा धक्का, मोजायला जातात. त्याच्या आत दोन पडद्यांमध्ये तेल भरलेलं असतं, वर काटा स्थिर दिसावा म्हणून अर्ध्या सेकंदाचं डॅम्पिंग लावलेलं असतं, आणि कुणीतरी आधीच पुढे स्नबर, म्हणजे दाबाचे झटके मंदावणारा अडसर, बसवलेला असतो. पोलादी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडवलं तर दाब सुमारे १२ बारांनी उसळतो, तोही मिलिसेकंदांत. ट्रान्समीटरच्या आलेखावर एक निवांत टेकडी उमटते, आणि गॅस्केट का फुटतंय हे कुणालाच कळत नाही.

## "फिल्टर लावला की झालं" आणि "सॉफ्टवेअर दुरुस्त करेल"

फिल्टर डोल लपवतो, पण वेळेचं भान घालवतो. ५ किलोहर्ट्झचा साधा दोन-पायऱ्यांचा फिल्टर संकेताला सुमारे ४५ मायक्रोसेकंद उशीर करतो. ३,००० आरपीएमला हा उशीर क्रँकच्या ०.८ अंशाएवढा, ६,००० ला दीड अंशाहून जास्त. दाबाच्या आलेखावरून काम, म्हणजे इंजिनाने प्रत्यक्ष दिलेली ऊर्जा, काढताना एका अंशाची चूकही हिशेब बिघडवते. शिवाय ठोकणं ज्या ७ किलोहर्ट्झला आहे, तेच आपण पुसून टाकलेलं असतं.

सॉफ्टवेअरने उलटं गणित करून मूळ दाब काढता येतो, हे खरं. अट एकच, सेन्सर आणि भोक यांचा स्वभाव आधी माहीत हवा आणि तो मोजताना बदलता कामा नये. पवनबोगद्यातल्या लांब नळ्यांसाठी हे रोज करतात. इंजिनात वायूचं तापमान दर मिलिसेकंदाला बदलतं आणि पिपाणीचा सूरही त्याबरोबर बदलतो, म्हणून तिथे हे फारसं हाती लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर रेझोनन्सच्या उसळीने छताला टेकला असेल, तर कापलेलं टोक कुठल्याच गणिताने परत येत नाही.

नोंदीचा वेगही पुरेसा हवा. दर ०.१ अंशाला एक नोंद घ्यायची तर ६,००० आरपीएमला सेकंदाला ३,६०,००० नोंदी होतात.

## खरी परीक्षा: एक सणसणीत धक्का

सेन्सर किती चपळ आहे हे छापील आकड्यावरून मानायचं नसतं, त्याला धक्का देऊन पाहायचं असतं. प्रयोगशाळेत त्यासाठी शॉक ट्यूब असते. लांब नळी, मधे पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिकचा पडदा, एका बाजूला जास्त दाबाचा वायू. पडदा फाटला की आघात-लहर नळीभर धावते आणि टोकाशी बसवलेल्या सेन्सरवर मायक्रोसेकंदाच्या आत दाबाची पायरी आदळते. पडद्याची परीक्षा दुसरा पडदा फाडून, गंमतच आहे. पायरीनंतर आलेखावर जो थरथराट उमटतो, त्यातल्या दोन शिखरांमधला वेळ नैसर्गिक वारंवारता सांगतो, आणि प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा किती बुटकं आहे त्यावरून डॅम्पिंग कळतं.

शॉक ट्यूब नसेल तर कमी दाबाच्या, नळीने जोडलेल्या सेन्सरसाठी फुगा पुरतो. छोट्या डबीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा, आत थोडी हवा भरा, सेन्सर आपल्या नेहमीच्या नळीसकट डबीला जोडा आणि सुई टोचा. दाब एकदम शून्यावर येतो आणि नळीचा सगळा स्वभाव कागदावर उतरतो. सेन्सर एकट्याने तपासून उपयोग नाही. ज्या भोकासकट, नळीसकट वापरणार, त्या सगळ्यासकट तपासायचा.

हीच परीक्षा आयसीयूमध्ये नर्स रोज करतात. गंभीर रुग्णाच्या मनगटाजवळच्या धमनीत कॅन्युला (एक बारीक नळी) घालतात, सलाइनने भरलेल्या नळीने ती पलंगाशेजारच्या ट्रान्सड्यूसरला, म्हणजे दाबाच्या सेन्सरला, जोडतात. आत आहे सिलिकॉनचा तोच पडदा. एकटा ट्रान्सड्यूसर शेकडो हर्ट्झपर्यंत चालतो, पण मीटरभर नळी आणि तिच्यातलं पाणी मिळून सगळी जोडणी १० ते २५ हर्ट्झवर येते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या नाडीचा आकार नीट उमटायला साधारण २० हर्ट्झपर्यंतचे सूर लागतात. म्हणजे रेझोनन्स दारातच उभा. मग वरचा रक्तदाब फुगतो, खालचा आणखी खाली दिसतो, सरासरी मात्र जवळपास बरोबर असते. दंडावरच्या पट्ट्याचा आकडा वेगळा आणि मॉनिटरचा वेगळा, हे पाहून गोंधळलेल्या नातेवाइकांना मिळणाऱ्या उत्तरांपैकी हे एक. (दुसरं आणखी साधं असतं: ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा ७ मिलिमीटर पाऱ्याने वर जातो.)

परीक्षा अशी. सलाइनची पिशवी ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली असते. फ्लशची, म्हणजे नळीत सलाइन जोराने सोडणारी, दोरी क्षणभर ओढून सोडली की मॉनिटरवर चौकोनी पायरी उमटते आणि शेवटी थरथराट. सेकंदाला २५ मिलिमीटर सरकणाऱ्या कागदावर दोन शिखरांमध्ये दीड मिलिमीटर अंतर आलं, तर वारंवारता साधारण १७ हर्ट्झ. एक-दोन डोल होऊन रेघ शांत झाली तर ठीक. डोल संपतच नसतील तर नळी लांब आहे किंवा मधे नको ते जोड आहेत. ती १२० सेंटिमीटरच्या आत आणि कडक भिंतीची असावी. एकही डोल न येता रेघ सुस्त उतरली, तर गुठळी, पिळलेली नळी किंवा हवेचा बुडबुडा. बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो आणि पडद्यापर्यंत धक्का पोहोचू देत नाही. अशा वेळी स्टॉपकॉक (नळीवरची तोटी) रुग्णाच्या बाजूने बंद करून, नळीला बोटाने टिचक्या मारत बुडबुडा वर आणतात, बाहेर सोडतात, आणि पुन्हा फ्लश ओढून डोल मोजतात.